पियानो की कॅमेरा? अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांची वाट

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की एक सहल ठरलेली असते. गोल्डन गेट पूल दाखवून झाला की एखाद्या शनिवारी पहाटे डब्यात दशम्या आणि थर्मासमध्ये चहा भरून गाडी पूर्वेकडे निघते आणि चारेक तासांनी योसेमिटीच्या दरीत उतरते. टनेल व्ह्यूच्या कठड्यापाशी सगळे उभे राहतात. डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेलचा धबधबा आणि मध्यावर, दूर, सुरीने अर्धा कापल्यासारखा दिसणारा हाफ डोम. सगळ्यांचे फोन एकदमच वर होतात. परतण्यापूर्वी दरीतल्या छोट्या वस्तीत एका दुकानाकडे पाय वळतात. तिथे पोस्टकार्डे मिळतात, पुस्तके मिळतात आणि भिंतींवर काळ्या-पांढऱ्या पर्वतांची छायाचित्रे टांगलेली असतात. दारावर नाव आहे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे.

मी त्या दुकानात तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा ते नाव एखाद्या ब्रँडसारखे वाचून बाहेर पडलो. ज्या माणसाचे ते नाव, त्याने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आपण पियानोवादक होणार असेच धरले होते, हे पुष्कळ नंतर वाचनात आले. त्यानंतर मात्र त्या भिंतीवरच्या पर्वतांकडे मला पूर्वीसारखे पाहता आले नाही.

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. आई-वडिलांचे हे एकुलते एक अपत्य. गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीजवळ, वाळूच्या टेकड्यांत त्यांचे घर होते आणि अंगणातून समुद्र दिसत असे. १८ एप्रिल १९०६च्या पहाटे शहर उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, त्यातून चार वर्षांचा अ‍ॅन्सेल सहीसलामत सुटला. पण काही तासांनी आलेल्या दुसऱ्या धक्क्याने तो बागेच्या भिंतीवर आदळला आणि नाक मोडले. ते कधीच सरळ झाले नाही. पुढच्या साऱ्या आयुष्यातल्या छायाचित्रांत ते वाकडे नाक दिसते.

आजोबांचा लाकडाचा व्यवसाय मोठा होता. १९०७च्या आर्थिक अरिष्टात घराण्याची संपत्ती ओसरू लागली. वडील चार्ल्स अ‍ॅडम्स मनाने खगोलप्रेमी होते, पण त्यांचे आयुष्य बुडता धंदा सावरण्यात आणि देणी फेडण्यात गेले. दुर्बिणीची आवड त्यांना फावल्या वेळात भागवावी लागली. पुढे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या खगोल संस्थेचे काम त्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केले, तेही पोटापाण्याचा उद्योग सांभाळूनच. मुलाच्या बाबतीत त्यांनी पुढे जे निर्णय घेतले, त्यांचा उगम मला या न जगता आलेल्या आयुष्यात दिसतो.

मुलगा शाळेत टिकत नव्हता. एका जागी बसणे त्याला जमत नसे. शिक्षक वैतागत, शाळा बदलत. आज त्याला एखादे वैद्यकीय नाव मिळाले असते. शेवटी, वयाच्या बाराव्या वर्षी, वडिलांनी त्याला शाळेतून काढलेच. घरी स्वतः शिकवायला सुरुवात केली, पियानोची शिकवणी लावली आणि १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा वर्षभराचा पास हातात ठेवला. तीच शाळा. अ‍ॅन्सेल जवळजवळ रोज तिथे जाई. ऑर्गनवादन ऐके, युरोपातली नवी चित्रे पाही आणि बेरीज करणाऱ्या यंत्राच्या दालनात तर इतका रुळला की येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोच यंत्र चालवून दाखवू लागला. कर्ज डोक्यावर असताना मुलाला वर्षभर प्रदर्शनात भटकू देणारा बाप त्या काळी किती जणांना शहाणा वाटला असेल? पुढे अ‍ॅडम्स यांनी मात्र आपल्यातले जे काही चांगले ते वडिलांच्या या धाडसामुळे, असे नेहमी कृतज्ञतेने मानले. १९१७मध्ये एका खासगी शाळेतून आठवीचा दाखला मिळाला, तिथे औपचारिक शिक्षण संपले.

१९१६च्या वसंतात अ‍ॅन्सेल आजारी पडला. घरातच राहणाऱ्या मेरी मावशीने त्याला अंथरुणात वाचायला जेम्स हचिंग्ज यांचे सिएरा पर्वताविषयीचे जुने पुस्तक दिले. त्यातल्या वर्णनांनी आणि चित्रांनी मुलाला असे झपाटले की उन्हाळ्यात योसेमिटीलाच जायचे असा त्याने हट्ट धरला. जूनमध्ये कुटुंब तिथे पोहोचले. त्या मुक्कामात आई-वडिलांनी त्याला एक कॅमेरा दिला: कोडॅकचा बॉक्स ब्राउनी. पुठ्ठ्याचा साधा डबा, एक भिंग, एक खटका. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

पहिल्या काही दिवसांतलीच एक गोष्ट. हाफ डोमचे चित्र घ्यावे म्हणून तो एका जुन्या, कुजक्या बुंध्यावर चढला. बुंधा ढासळला, मुलगा डोके खाली करून कोसळला आणि पडता पडता बोट खटक्यावर दाबले गेले. फिल्म धुऊन आली तेव्हा एक चित्र उलटे होते आणि हे कसे झाले, याचा धुणाऱ्याला उलगडा होईना. ते उलटे चित्र अ‍ॅडम्स यांनी जपून ठेवले. त्या उन्हाळ्यानंतर त्यांच्या आयुष्यातले एकही वर्ष योसेमिटीविना गेले नाही.

इथवरची गोष्ट कुठल्याही हौशी मुलाची असू शकते. कॅमेरा हातात आलेली मुले पुष्कळ असतात. अ‍ॅन्सेल वेगळा ठरला तो पुढच्या दोन वर्षांत: सॅन फ्रान्सिस्कोत फिल्म धुण्याचा व्यवसाय करणाऱ्या फ्रँक डिटमन यांच्याकडे तो अर्धवेळ काम करू लागला. दुकानांतून फिल्म गोळा करायच्या, धुवायच्या, छापायच्या. रसायनांचा वास, हातावरचे डाग, लाल दिव्याची खोली आणि लोकांच्या सहलींची शेकडो सामान्य चित्रे. हे काम कुणी कलेचे शिक्षण म्हणणार नाही. पण निगेटिव्ह म्हणजे काय, ती कशाने बिघडते, कागद किती सेकंदांत काळवंडतो, हे त्याच्या हातांना तिथे कळले.

१९१९मध्ये तो सिएरा क्लबचा सभासद झाला आणि १९२०पासून चार उन्हाळे योसेमिटीतल्या क्लबच्या लकाँट स्मृतिगृहाची देखभाल त्याच्याकडे होती. फ्रान्सिस हॉलमन नावाच्या वयस्कर स्नेह्याने त्याला डोंगरात कसे वावरायचे ते शिकवले. तो त्यांना अंकल फ्रँक म्हणत असे. गाढवाच्या पाठीवर कॅमेरा आणि शिधा लादून दोघे उंचावर भटकत. १९२२मध्ये क्लबच्या नियतकालिकात त्याचे छायाचित्र पहिल्यांदा छापून आले.

आणि तरीही व्यवसाय म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे होता तो पियानोच. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला परतले की रोज कित्येक तास रियाज. मेरी बटलर या त्याच्या पहिल्या बाई अतिशय काटेकोर होत्या. प्रत्येक स्वर स्वच्छ आणि नेमका उमटल्याखेरीज पुढचा धडा नाही. शाळेत एका जागी न बसणारा मुलगा त्यांच्यापुढे बसला. ज्याला शिस्त नाही असे सगळे म्हणत होते त्याला शिस्त लागली, ती संगीतातून. १९२५मध्ये त्याने मोठ्या हौसेने मेसन अँड हॅमलिन कंपनीचा ग्रँड पियानो घेतला.

योसेमिटीत असताना रियाजासाठी पियानो कुठे मिळणार? दरीत हॅरी बेस्ट या चित्रकाराचे दुकान होते, तिथे एक जुना पियानो होता. चित्रकाराची मुलगी व्हर्जिनिया. ओळख १९२१ची, लग्न २ जानेवारी १९२८चे, त्याच दुकानात. मधली वर्षे दोघांनी निर्णयाच्या उंबरठ्यावर घालवली, कारण संगीतकाराच्या आयुष्यात संसार बसेल का, हे अ‍ॅन्सेलला ठरवता येत नव्हते. आज ज्या दुकानात आपण पोस्टकार्डे घेतो ते हेच. १९०२मध्ये, अ‍ॅन्सेलच्या जन्मसालीच, सुरू झालेले.

पारडे झुकू लागले ते १९२६मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोतले विमा व्यावसायिक अल्बर्ट बेंडर हे कलावंतांचे मोठे आश्रयदाते होते. त्यांनी या तरुणाची छायाचित्रे पाहिली आणि लगेच संच काढायचे ठरवून टाकले. अठरा छायाचित्रांचा संच, किंमत ५० डॉलर. स्वतः बेंडर यांनी दहा संच घेतले, मग टेलिफोन उचलून एकेका मित्राच्या गळ्यात बाकीचे घातले. छायाचित्राला कलाकृती म्हणून कोण विकत घेणार, अशी भीती असल्यामुळे संचाच्या नावात छायाचित्र हा शब्दच टाळला गेला आणि पार्मेलियन प्रिंट्स असे एक गूढ, अर्थहीन नाव शोधून काढले. छायाचित्रकारांची त्या वेळची पत काय होती ते यावरून कळते.

त्या संचासाठी काम चालू असतानाच १० एप्रिल १९२७चा दिवस आला. अ‍ॅन्सेल, व्हर्जिनिया आणि काही मित्र बर्फातून चढत हाफ डोमच्या पश्चिमेच्या एका सुळक्यावर पोहोचले. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या बारा निगेटिव्ह. वाटेत एकेक करून त्या संपत गेल्या. वर पोहोचेपर्यंत दोनच उरल्या. समोर हाफ डोमचा उभा कडा सावलीत होता आणि ऊन हळूहळू त्यावर सरकत होते. पहिली काच त्याने नेहमीप्रमाणे पिवळा फिल्टर लावून वापरली. खटका दाबताच जाणवले की हे चित्र खरे असेल, पण आपल्याला आत वाटले ते त्यात येणार नाही. आकाश फिकट दिसेल, कड्याचे दडपण उरणार नाही. त्याने गडद लाल फिल्टर चढवला आणि शेवटची काच वापरली. त्या चित्रात आकाश जवळजवळ काळे आहे आणि कडा त्यातून अंगावर येतो. चित्र आधी मनात पूर्ण तयार व्हावे आणि कॅमेऱ्याने मागाहून ते गाठावे, हा पुढच्या आयुष्यभराचा मंत्र त्याला तिथे सापडला. गवयाला सम आधी ऐकू येते आणि तान मागाहून तिच्याकडे जाते, तसेच काहीसे.

तरीही निर्णय झाला नव्हता. तो झाला १९३०च्या उन्हाळ्यात, न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावी. तिथे पॉल स्ट्रँड या थोर छायाचित्रकाराची गाठ पडली. स्ट्रँड यांच्यापाशी दाखवायला प्रिंट नव्हत्या, होत्या त्या निगेटिव्ह. खिडकीच्या उजेडात एकेक निगेटिव्ह धरून अ‍ॅन्सेलने पाहिली. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे दिसते. सामान्य माणसाला त्यात काही लागत नाही. डिटमन यांच्याकडे काम केलेल्या आणि स्वरलिपी पाहताच संगीत ऐकू येणाऱ्या माणसाला मात्र ती सगळी चित्रे दिसली. सॅन फ्रान्सिस्कोला परतून त्याने पियानो व्यवसाय म्हणून सोडल्याचे घरी सांगितले.

आई आणि मावशी हबकल्या. कॅमेऱ्याला माणसाचे अंतःकरण व्यक्त करता येत नाही, असा त्यांचा आग्रह होता. पियानोला ते येते. ज्या मावशीने योसेमिटीचे पुस्तक हाती दिले होते तीच आता थांबवत होती. शिवाय तो काळ महामंदीचा. लोक नोकऱ्या गमावत असताना अठ्ठावीस वर्षांचा विवाहित माणूस सोळा वर्षांची साधना बाजूला ठेवून, ज्याला कुणी कलाही म्हणत नाही अशा धंद्यात उतरत होता. आपल्यापैकी किती आया हे शांतपणे ऐकून घेतील?

ठरल्यावर अ‍ॅडम्स यांनी मागे पाहिले नाही. नोव्हेंबर १९३२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात एफ ६४ या गटाचे प्रदर्शन भरले. एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि अ‍ॅडम्स त्यात होते. कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र अगदी बारीक केले की जवळचा दगड आणि दूरचे शिखर दोन्ही धारदार दिसतात. त्या बारीक छिद्राच्या आकड्यावरून हे नाव. छायाचित्र मुद्दाम धूसर करून तैलचित्रासारखे भासवण्याच्या तेव्हाच्या रिवाजाविरुद्धचे हे बंड होते. १९३६मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी आपल्या दालनात अ‍ॅडम्स यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. छायाचित्रकाराला याहून मोठी मान्यता तेव्हा नव्हती.

मान्यतेवर घर मात्र चालत नाही. पुढची कित्येक दशके अ‍ॅडम्स यांनी मिळेल ते काम केले: योसेमिटीतल्या हॉटेल कंपनीच्या जाहिराती, सुका मेवा विकणाऱ्यांची चित्रे, मासिके, कोडॅक, आयबीएम. १९६९मध्ये त्यांचे बर्फाळ योसेमिटी चक्क कॉफीच्या डब्यावर झळकले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि तो वाटायचे कारणही नव्हते. खरा आधार व्हर्जिनियाचा. १९३६मध्ये वडील वारल्यावर दुकान तिच्याकडे आले; ते तिने चालवले आणि मुलांना वाढवले. पहिल्या मुलाच्या जन्माच्या वेळी अ‍ॅडम्स डोंगरात होते. या चरित्राचा एवढा भाग लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

पियानो सुटला होता, पण त्याची शिस्त सुटली नव्हती. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे तिचे सादरीकरण, असे ते विद्यार्थ्यांना समजावत. एकाच निगेटिव्हची प्रिंट दर वेळी थोडी वेगळी, त्या दिवसाच्या मनःस्थितीची. १९४०च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी जी पद्धत बसवली तिला झोन सिस्टिम म्हणतात. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या. दृश्यातली कोणती जागा कोणत्या पायरीवर हवी हे आधी ठरवायचे आणि मग त्यानुसार फिल्मला किती उजेड द्यायचा व ती किती वेळ धुवायची, याचा हिशेब करायचा. आजच्या फोनमधली यंत्रणा उजेड-सावलीचा मेळ क्षणात घालते. अ‍ॅडम्स तो डोक्यात घालत.

त्याची कसोटी लागली १ नोव्हेंबर १९४१च्या संध्याकाळी. न्यू मेक्सिकोत, मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्याबरोबर सँटा फेकडे परतताना रस्त्याकडेला हर्नांडेझ हे खेडे दिसले. पूर्वेला चंद्र वर आला होता आणि मावळतीचे ऊन स्मशानातल्या पांढऱ्या क्रूसांवर पडले होते. गाडी थांबवून त्यांनी मोठा कॅमेरा कसाबसा उभा केला, पण उजेड मोजायचे मीटर सापडेना. ऊन काही क्षणांत जाणार होते. चंद्राच्या पृष्ठभागाची प्रखरता किती असते तो आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून हिशेब करून त्यांनी एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्यासाठी फिल्म उलटवेपर्यंत क्रूसांवरचे ऊन विझले. या एका निगेटिव्हवरून पुढे तेराशेहून अधिक प्रिंट निघाल्या आणि १९८१मध्ये एका मोठ्या प्रिंटला लिलावात ७१,५०० डॉलर मिळाले. गंमत अशी की ही तारीख अ‍ॅडम्स यांनी टिपून ठेवली नव्हती. वर्षही ते निरनिराळे सांगत. त्यांच्या निधनानंतर चंद्राची उंची आणि दिशा यांवरून ती निश्चित केली खगोल जाणणाऱ्यांनी. चार्ल्स अ‍ॅडम्स यांना हे फार आवडले असते.

छायाचित्राने त्यांनी पर्वत राखलेही. १९३४पासून सदतीस वर्षे ते सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर होते. किंग्ज कॅन्यनचा प्रदेश राखीव व्हावा म्हणून छायाचित्रे घेऊन ते वॉशिंग्टनला गेले. १९३८चे त्यांचे सिएरा नेवाडाचे पुस्तक गृहमंत्री इकीस यांच्यामार्फत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले आणि मार्च १९४०मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना मॅन्झनारच्या छावणीत डांबले गेले, तेव्हा १९४३मध्ये अ‍ॅडम्स तिथे गेले आणि शेतात, शाळेत, छापखान्यात काम करणाऱ्या त्या माणसांचे चेहरे त्यांनी टिपले. १९४४मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्यांचे पुस्तक काढले. देशाच्या रोषाच्या काळात हे करणे सोपे नव्हते. ही चित्रे त्यांनी पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. वंशावरून नागरिकाची निष्ठा मोजली गेली तेव्हा काय झाले, हे परक्या भूमीत घर केलेल्या आपल्यासारख्यांनी त्या चेहऱ्यांत एकदा पाहावे.

१९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख सांगणारी सोनेरी तबकडी अवकाशात गेली. त्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असते. त्याच तबकडीवर अ‍ॅडम्स यांचे स्नेक नदी आणि टेटन पर्वतांचे छायाचित्रही आहे. गोव्यातल्या केरीची गायिका आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पियानो सोडलेला छायाचित्रकार सूर्यमालेबाहेर निघालेल्या वाटेवर एकत्र आहेत.

अखेरची वर्षे सन्मानाची गेली. १९७९मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते आले, १९८०मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या हस्ते राष्ट्राचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले. २२ एप्रिल १९८४ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, माँटेरे येथे त्यांचे निधन झाले. योसेमिटीच्या आग्नेय सीमेवरचे ११,७६० फुटांचे एक शिखर सिएरा क्लबचे लोक १९३०च्या दशकापासूनच आपापसांत माउंट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स म्हणत. हयात माणसाचे नाव पर्वताला देता येत नाही, म्हणून नकाशावर ते अधिकृतपणे आले १९८५मध्ये.